चौकटीत जमनी दिसली पाहिजे

६ नोव्हेंबर, आशागड

"डोंगरपट्टीच्या माझ्या बायाबापड्यांनो, तुम्ही हजर होतात आणि कागदाने तुम्हांला गैरहजर ठरवलं!"

दहा तारखेच्या सभेसाठी हे पहिलं वाक्य सुचलं. दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. बाहेर कुत्रं भुंकलं. म्हणजे पोचतंय.

पाड्यावरच्या जमनीच्या वनहक्क दाव्याची सुनावणी मे महिन्यात मोबाइलवर झाली. साहेब तिकडे कचेरीत, आम्ही तलासरीच्या वाचनालयात. निकालातली ओळ: 'दावेदार उपस्थित दिसत नाही. म्हणणे मांडले नाही.' अरे, माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती ती! लग्न होऊन आली तेव्हापासून डोंगराचा तो उतार कसते आहे. अपिलात एवढंच पदरात पडलं: आणखी एकदा ऐकू. २७ तारखेला, पुन्हा व्हिडिओवरच. ही शेवटची. इथे दावा गेला की उतार गेला, नागली गेली.

मोबाइलवर आता नाही. मोठा पडदा हवा. कॅमेरा, माईक, स्पीकर सगळं त्याच्या पोटातच असलेला. असे मॉनिटर मिळतात म्हणे.

८ नोव्हें.

सुनीलचा फोन, वापीहून. माझा जुना विद्यार्थी, आता कारखान्यातले संगणक सांभाळतो. "बाई, वाचनालयाला मॉनिटर माझ्याकडून. तुम्ही फक्त निवडा."

तीन मॉनिटरांची माहिती पाठवली. पेन्सिल घेऊन वाचली. पहिल्याचा कॅमेरा वरून दाबला की डोकं बाहेर काढतो, पुन्हा दाबला की आत; एका माणसापुरता. दुसऱ्याचा कॅमेरा रुंद, अख्खी खोली घेतो, पण जागचा हलत नाही. तिसरा हुशार: कोण बोलतंय ते ओळखून त्याच्याकडे वळतो, त्यालाच मोठं करून दाखवतो. वर आजूबाजूचा गोंगाट गाळून टाकतो.

सु. म्हणाला, "तिसराच घ्या बाई. बोलताना तुम्ही एका जागी कधी उभ्या राहिलात? हा तुम्हांला सोडायचा नाही."

हसले. पण आवडलं. तिसराच.

१० नोव्हें., तलासरी

सभा झाली. आवाज लागला होता. 'आंधळा पडदा, बहिरा साहेब' या वाक्याला टाळ्या. जमनी मागे भिंतीला टेकून बसलेली. निघताना विचारलं, कसं झालं?

"लय भारी बोलल्या बाई. मला पण राग आला." मग पदर सावरत, "कोणाचा आला ते आता आठवत नाय."

सगळ्या बाया हसल्या. मीही. घरी आल्यावर मात्र ते हसू जरा टोचलं.

१३ नोव्हें., डहाणू

बाजारात मोठ्या दुकानात गेलो. सु.ने सांगितलं होतं, बघून घ्या, न बघता नको. मी, जमनी, तिच्या पाड्यावरच्या दोघी आणि मंगला. मंगला जमनीच्या भावाची मुलगी, वाचनालयाचा संगणक तीच बघते.

दुकानदार भाई खुशीत. "या बेन, हा घ्या. केमेरा आत, माईक आत, स्पीकर आत. एक वायर लावली की बस. वापीच्या मोठ्या ऑफिसांत हाच जातो."

मंगला मोबाइल घेऊन रस्त्यापलीकडे गेली, ती झाली साहेब. जमनीला खुर्चीवर बसवलं, बाया मागे, मी बाजूला उभी. जमनीला म्हटलं, सांग तुझी हद्द. ती बुजली. म्हणून मी सुरुवात करून दिली, "साहेब, ही जमीन..."

कॅमेरा सर्रकन माझ्याकडे. पडद्यावर मीच, गळ्यापासून केसांपर्यंत. जमनीने पडद्यात स्वतःला शोधलं. सापडली नाही.

"बाई, हा पण तुमच्याकडंच बघतो."

भाई कौतुकाने, "पाहिलं ना? एकदम स्मार्ट!"

मग ती बोलली. वरच्या अंगाला करंज. बाया: हां. खाली नाला. हां. उगवतीला उभा धोंडा. हां. मंगला परत आली. आत्याचं सगळं नीट ऐकू आलं म्हणाली. "आणि हां?" विचारलं.

"कसलं हां?"

काहीच पोचलं नव्हतं. भाई म्हणाले, "ते नॉइज कट करतो, बेन. तेच तर फीचर आहे."

न घेता निघालो. भाईंनी तरी चहा पाजला.

१४ नोव्हें.

नॉइज. दिवसभर तो शब्द डोक्यात.

पाड्यावर कोणी आपली हद्द सांगतो तेव्हा तो एकटा सांगत नाही. तो एकेक खूण बोलतो आणि शेजारचे, ज्यांचे बांध त्याला लागून आहेत ते, 'हां' भरतात. एखाद्या खुणेला हां आलं नाही की सगळे थांबतात. तिथे तंटा आहे असं समजायचं. कागदावर सही असते तसं इथे ते हां. न्यायावरची एवढी पुस्तकं वाचली, इतक्या साध्या शब्दांत साक्ष म्हणजे काय हे कुठे सापडलं नव्हतं. आणि यंत्र तिला गाळतं. यंत्राला तरी काय बोल लावू? ज्याने ते बनवलं त्याच्या खोलीत एकटाच माणूस बोलत असणार.

पण कॅमेऱ्याचं काय? तो माझ्याकडे का वळला, याचं उत्तर मला माहीत आहे. लिहायला हात होत नाही.

१५ नोव्हें., तलासरी

लिहिते.

मंगलाकडे मेच्या सुनावणीचा फोटो निघाला. आमच्या मोबाइलचा पडदा आमच्याच पाठीमागून टिपलेला. वरच्या कोपऱ्यात साहेब, खाली आम्ही. आम्ही म्हणजे मी. हात उगारलेला, तोंड उघडं. कडेला हिरव्या बांगड्या घातलेलं मनगट. तेवढी जमनी.

मोबाइल कोणी धरला होता? मीच. बोललं कोण? मीच, अखंड. तिचं नाव किती वेळा घेतलं असेल! तिला एकदाही बोलू दिलं नाही.

हाच फोटो तेव्हा मी सगळ्यांना पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'लढा चालू आहे.'

'उपस्थित दिसत नाही.' साहेबाने चौकशी करायला हवी होती, विचारायला हवं होतं, हे मी आजही छातीठोकपणे म्हणेन. पण ती दिसत नव्हती, हे खरं होतं.

मंगला फोटोकडे बघत म्हणाली, "बाई, तेव्हाच सांगणार होते. पण तुम्ही बोलत होतात."

१७ नोव्हें.

जमनीकडे जाऊन सांगितलं. ती अंगणात नागलीची कणसं बडवत होती. ऐकलं, बडवणं थांबवलं नाही.

"मला म्हाईत होतं."

मग बोलली का नाहीस?

"तुम्ही आमच्यासाठी भांडत होत्या. भांडणाऱ्या माणसाला मध्येच कोण थांबवतो?"

भाकर दिली. मिरचीचा ठेचा. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१९ नोव्हें.

सु.ला फोन. दुसरा पाठव, म्हटलं. तो जागचा न हलणारा.

"बाई, तो जुना आहे थोडा. तिसरा—"

"तिसरा फार ऐकतो माझं."

सुनील हसला. त्याला कळलं की नाही कोण जाणे. त्याला दोन गोष्टींची खात्री करून घ्यायला सांगितल्या: गोंगाट गाळणं पूर्ण बंद करता आलं पाहिजे, आणि खुर्चीवर बसलेल्या बाईच्या डोळ्यांइतका पडदा खाली घेता आला पाहिजे. उभं राहून भाषण करणारीच्या उंचीचा नको. दोन्ही होतं म्हणाला.

२३ नोव्हें., तलासरी

मॉनिटर आला. मंगलाने अर्ध्या तासात लावला. कॅमेऱ्यावर सरकवायची झाकणी आहे. जमनीने उघडमीट करून पाहिली. "काम नसला की झोपतो तर. आमच्या माणसासारखा." बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

तालीम. मंगला मोबाइल घेऊन बाहेर रस्त्यावर. जमनी मध्ये, चौघी मागे. सगळ्या चौकटीत. करंज, हां. नाला, हां. मंगला बाहेरून ओरडली, "हां येतंय! हां येतंय!"

आणि मग धोंड्यापाशी जमनी अडखळली. माझ्याकडे बघितलं. चौघींनी माझ्याकडे बघितलं. आणि मी... तोंड उघडलंच. "साहेब, तो धोंडा पूर्वापार—"

"बाई!" मंगला खिडकीतून.

कॅमेरा जागचा हलला नाही. पण पडद्यात पाचही बाया मान वळवून चौकटीबाहेर बघत होत्या. साहेबाला पाच पाठमोरे अंबाडे दिसले असते.

म्हणजे मॉनिटर बदलून भागलं नाही.

२६ नोव्हें., आशागड

उद्या अकरा वाजता. घरी थांबावं का, असं जमनीला विचारलं. "नको. या. पण भिंतीकडं बसा." बसेन.

साहेब एखादा आडवा प्रश्न विचारेल आणि ती गप्प राहील. ती गप्प राहिली तर मी गप्प राहू शकेन का? एवढ्या सभा गाजवल्या, ही एक परीक्षा दिलेली नाही. आणि तिने सगळं नीट सांगूनही दावा फेटाळला तर? माहीत नाही.

सकाळी बायांना सांगायचं ते इथे लिहून ठेवते. वाचनालयाच्या दारात सांगीन आणि आत जाऊन भिंतीशी बसेन. सहा महिन्यांपूर्वी याचं तासाभराचं भाषण केलं असतं.

बायांनो, तुम्ही हजर होतात आणि दिसला नाहीत, त्यात माझाही हात होता. आज एकच करा. जमनी अडखळली, कितीही वेळ अडखळली, तरी माझ्याकडे बघू नका. तिच्याकडे बघा.