वसूची काडी

९ ऑक्टो. ९९, शनि.
वसूची भूमिका सरांनी केतकीला दिली. एकांकिका मी लिहिली, दोन महिने हॉस्टेलच्या खाटेवर पालथं पडून. जग संपलंय, वसू एकटीच उरलीय, तरी ओसाड निफाडात द्राक्षाची काडी लावते आणि म्हणते, "येईल." ती वसू मीच होते. सर म्हणाले, "तुझं 'नाय', 'हाय' मधूनच डोकावतं गं. वसू शुद्ध बोलली पाहिजे." जग बुडालं तरी शुद्ध बोलायचं! केतकी शहरातली, कॉलेज रोडची. आयत्या बिळावर नागोबा.

१२ ऑक्टो.
के.चे संवाद तीन दिवसांत पाठ. होऊ नयेत असं मनापासून वाटत होतं. वर मला म्हणते, "किती सुंदर लिहितेस गं!" चांगली वागते, याचाच जास्त राग येतो.

१७ ऑक्टो., रवि.
घरी जाऊन आले. बागेत छाटणी चालू. आण्णांनी नाटकासाठी काड्या निवडून ओल्या गोणपाटात बांधून दिल्या. "डोळं वर ठिवून लावायची, सांग त्या पोरीला. उलटी लावली तं जल्मात फुटायची नाय." म्हटलं, आण्णा, नाटकातली काडी आहे. "मंग काय झालं?"

१८ ऑक्टो.
तालीम. के.ने काडी उलटीच खोचली. काडीवरचे डोळे जमिनीकडे, कोंब फुटणार कुठून? मला बसल्या जागी दिसलं. सांगणार, तेवढ्यात सर म्हणाले, "वा! काय विश्वासानं लावतेस!" टाळ्या. मग नाही सांगितलं.

२५ ऑक्टो.
अजून उलटीच. सर आणि बाकीचे शहरातले, कुणाच्या लक्षात येत नाही. के.चं काहीतरी चुकतंय आणि ते फक्त मला ठाऊक आहे. रोज तालमीत तेवढंच एक गोड वाटतं. हलकट आहे मी. असू दे.

३० ऑक्टो., शनि.
स्पर्धा. आण्णा आले होते. दुसऱ्या रांगेत, टोपी मांडीवर. आयुष्यातलं पहिलं नाटक.
शेवटचा प्रसंग. के.ने काडी खोचली आणि आण्णा उठून उभे! "ए पोरी, काडी उलटी हाय! डोळं वर पाह्यजे!" हॉल खो खो हसला. विंगेत मी तोंड झाकून घेतलं. पण खरं लिहायचं तर त्याआधी क्षणभर बरं वाटलं. आपटली के.
आपटली नाही. हळूच मान वर केली, अंधारात बघत राहिली. हसणं थांबलं. मग अगदी बारीक आवाजात, "कोण आहे? अजून... कोणी आहे?" रडत रडत हसली. काडी उपटून सुलटी केली. "अशी?"
आण्णा म्हणाले, "हां. आता येईल."
पहिला नंबर. सगळे के.ला मिठ्या मारत होते. मीपण मारली.

३१ ऑक्टो.
आण्णा रात्री मामांकडे राहिले. सकाळी स्टँडवर सोडायला गेले. वाटभर के.चंच कौतुक. "लय हुशार पोरगी." मला एका शब्दानं काही नाही. एसटीत बसल्यावर खिडकीतून, "तू तालमीला रोज व्हती ना?"
"हो."
"मंग तुला दिसलं नाय?"
लक्ष नव्हतं म्हटलं. "द्राक्षवाल्याची पोर तू," म्हणाले आणि समोर बघत बसले. गाडी सुटली.

१५ नोव्हें.
दिवाळी संपली. अंतिम फेरी पुण्याला. सर म्हणतात तो प्रसंग तसाच ठेवायचा, के. मुद्दाम काडी उलटी लावणार. पण प्रेक्षकांतून ओरडायचं कुणी? फवारणी सोडून आण्णा यायचे नाहीत. के. म्हणाली, "हिच्याशिवाय कोण? तसं 'हाय' आम्हाला जमणार आहे का?" सरांनी लगेच मान डोलावली. माझ्या नाटकातलं सगळ्यात चांगलं वाक्य माझं नाही, आणि तेच म्हणायला मला उभं करणार! वसू ती, आणि मी आण्णा.
नाही म्हणता आलं नाही.

१७ नोव्हें.
तालीम. मी दुसऱ्या रांगेत. के.ने काडी उलटी खोचली, अगदी त्या पहिल्या दिवसासारखी. माझी वेळ झाली. उभी राहिले, आवाजच फुटेना. सर कागद आपटत होते. के. गुडघ्यावर तशीच थांबली, माझ्याकडे बघत. तिला काय कळलंय देव जाणे.
"सांग ना," म्हणाली.
हे मी लिहिलेलं नव्हतं.