बंगल्यातल्या कुत्रीचे मागचे पाय

आबा, तुंगार्लीच्या बंगल्यावर तुम्ही माळी होतात त्या वर्षीची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. खंडाळ्याच्या रस्त्यावर साहेबांच्या कुत्रीला मोटार लागली आणि तिचे मागचे दोन्ही पाय लुळे पडले. पुण्याचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे. रोज पाय चोळा, वाकवा, पाण्यात उभी करा, उठेल. साहेब मुंबईला परतले आणि जाताना बजावून गेले, "ही चालायला लागेपर्यंत कुणी बंगला सोडायचा नाही." आई गेल्यापासून आपण दोघंच होतो. तुम्हाला बागेतून सवड नव्हती, म्हणून कुत्री माझ्या हाती आली.

माझं लग्न वराळ्याला ठरलं होतं. मला अठरावं लागलेलं, आणि नवरा मुलगा मी पाहिलाही नव्हता. तुम्ही तिकडे निरोप धाडलात, कुत्री उठली की तारीख धरू. तेव्हापासून मी दोन्हीकडून कोंडले गेले. ती उठली तर मला वराळ्याला जावं लागणार, नाही उठली तर त्या फाटकाच्या आत राहावं लागणार. फाटकाबाहेर जाणं होई ते फक्त तळ्यापर्यंत, तेही तिचं ओझं पोटाशी धरून. तिच्या पोटाखालून जुन्या लुगड्याची पट्टी घालायची, पाण्यात तोलून धरायचं आणि सायकलचं पायडल फिरवावं तसा एकेक पाय फिरवायचा. बोटं गारठून पांढरी पडायची.

एका सकाळी पाण्यात तिनं आपणहून उजवा पाय मारला. मी दचकून आजूबाजूला पाहिलं. काठावर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी तिला काठावर नुसती बसवून ठेवू लागले. पंधरा दिवस. ती पुढच्या पायांवर पाण्याकडे सरकते, मी पट्टी मागे ओढते. संध्याकाळी तुम्ही तिचे पाय चाचपता, ते आखडत चाललेत.

"हाताला जोर न्हाई व्हय तुज्या? लेकराला चोळतात तसं चोळ."

"व्हय आबा," मी म्हणते.

शेवटी तुम्हीच खुरपं बाजूला ठेवून तिच्याबरोबर पाण्यात उतरलात. महिन्याभरात ती उठली, पण डावा पाय ओढत. साहेब आले, त्यांनी तिची ती चाल पाहिली आणि व्हरांड्यातूनच ओरडले, "इतके दिवस काय करत होतास तू?" तुम्ही डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. "चुकलं सायेब. पोर रोज नेत हुती, मीच ध्यान दिलं न्हाई." मी दाराआड उभी होते. बाहेर आले नाही. माघात माझं लग्न झालं. माणूस वाईट नव्हता, हे पुढे कळलं. कुत्री मात्र मरेपर्यंत तशीच चालली.

हल्ली माझा गुडघा धरला आहे. एक मुलगी रोज घरी येऊन तो वाकवते. मी कळवळून म्हणते, आज राहू दे गं. ती ऐकत नाही. अशा वेळी कुत्रीचे ते आखडलेले पाय माझ्या हातांना आठवतात.

हे धाडायची सोय असती तरी तुम्हाला वाचता कुठं येत होतं? आलेलं प्रत्येक पत्र तुम्ही माझ्याच पुढे धरायचात. हेही धरलं असतंत, आणि ते पंधरा दिवस गाळून मी बाकीचं वाचून दाखवलं असतं.