चुकलेल्या मजल्यावरचा पाहुणा

८ फेब्रु., शनि.
आली एकदाची आमची फिल्म. संवाद माझे, दिग्दर्शन मिलिंदचं. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत शेजारपाजारचे चौदा जण टीव्हीसमोर. प्रकाशने ऑफिसातून लवकर येऊन भजी तळली. बायकोची फिल्म ना. अर्धा तास झाला, कोणी हसेना. शेजारच्या वहिनी भज्यांत ओवा घातलाय का विचारायला लागल्या. शेवटी सासूबाईच बोलल्या, "गो, ह्येच्यात हसूचा खंय, ता तरी सांग."
मिलिंदचा मेसेज : कशी वाटली? उत्तर दिलं नाही. कॉलेजच्या एकांकिकांपासूनची दोस्ती. एकमेकांशी खोटं बोललो नाही कधी.

९ फेब्रु., रवि.
एकटीने परत पाहिली, वही घेऊन. माझा लाडका प्रसंग : मुलीसाठी स्थळ बघायला आलेला बाप दुसऱ्याऐवजी तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसतो. त्या घरात थोरले अण्णा नुकतेच गेलेत. घरच्यांना वाटतं, हा भेटायला आलाय. अण्णांच्या फोटोकडे त्याची पाठ.
"स्वभावाने कसे?"
"शांत. कुणाला त्रास नाही."
"काही व्यसन वगैरे?"
"होतं. आता सुटलं सगळं."
लिहिताना मी खुर्चीवरून पडायची बाकी होते. फिल्ममध्ये बाप डोळे फिरवतो, दर वाक्याला टुंग टुंग संगीत, रडणाऱ्या बायका एकमेकींना कोपर मारतात. आपण विनोदी फिल्ममध्ये आहोत हे सगळ्यांना ठाऊक! मग बघणाऱ्याला काय उरलं? ह्या बापाला जावई नकोय, टाळ्या हव्यात.
लेखन चांगलं आहे. हे मी स्वतःची समजूत घालायला लिहीत नाहीये.

११ फेब्रु., मंगळ.
लंच टाइममध्ये मिलिंदचा फोन. सांगितलं सगळं. मग म्हणाला, "लोकांना कळायला नको, कुठे हसायचं ते?"
"कळतं रे. आपण सांगितलं की हसत नाहीत."
"वैशे, कागदावरच दम नव्हता. मी वरून मसाला घातला म्हणून तेवढं तरी झालं."
फोन ठेवला. दुपारभर दोन फायली उलट्यासुलट्या लावल्या. हे मिलिंद बोलला. बाहेरचं कोणी बोललं असतं तर...

१४ फेब्रु., शुक्र.
ठरलं. प्रसंग उभा करून दाखवायचा. दादरला आमच्या नाटकाच्या ग्रुपचा छोटा हॉल आहे, पुढच्या शनिवारी मिळतोय. बापाच्या कामाला अरुण कांबळे. नायगावचा, पोस्टात आहे, आमच्यातला सर्वात चांगला नट.
"ताई, कॉमेडी कुठल्या टाइपची?"
"अजिबात करायची नाही."
"मग मी काय करू?"
"मुलीचं लग्न जमव."

१६ फेब्रु., रवि.
तालीम. अरुणचे चेहरे सुरूच. थांबवलं. विचारलं, बहिणीच्या वेळी तू जायचास का स्थळं बघायला? हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाला, "वडील नव्हते. मीच. दर वेळी तोच इस्त्रीचा शर्ट. समोरच्यांनी चहा लवकर आणला की वाटायचं, नकार आहे, लवकर कटवतायत."
पुढच्या वेळी तो चहाचा कप बघूनच दचकला. आम्ही सगळे हसत सुटलो. त्याला कळेना, काय झालं. तसाच राहू दे म्हटलं.

२२ फेब्रु., शनि.
हॉल भरला. मिलिंदला एवढंच कळवलं होतं : सात वाजता, वाटलं तर ये. आला. मागे उभा राहिला.
'आता सुटलं सगळं'वर अरुणने समाधानाने मान हलवली आणि हॉल हसून कोसळला. पण नंतर बाप म्हणतो, "आमची मुलगी सांभाळून घेईल त्यांना," आणि अण्णांची बहीण रडायला लागते, तिथे एकदम शांत. हे मी लिहिताना धरलं नव्हतं. माझं एक फार आवडतं वाक्य मात्र साफ पडलं. घरी आल्या आल्या खोडलं.
मिलिंद हसला. त्याचं हसणं गर्दीतही ओळखते मी. बाहेर चहाच्या गाडीवर ग्लास धरून उभा. म्हणाला, "सेटवर मला भीती वाटत होती गं. कोणी हसलं नाही तर, म्हणून भरत गेलो."
"मला वाटत नाही का? पण फोनवर बोललास ते लागलं."
"माहितीये." 'सॉरी' नाही म्हणाला. चहा त्याने पाजला.

२५ फेब्रु., मंगळ.
मिलिंदचा फोन. ही फिल्म काढणाऱ्याच कंपनीकडे दुसरी फिल्म आहे, संवादांना त्याला मीच हवीय. माझ्या अटी : महिनाभर तालीम, टुंग टुंग नाही, आणि बापासारखी कामं अरुणसारख्यांना. म्हणाला, "हे मी सांगितलं तर मलाच काढतील. तूच ये."
गुरुवारी अकराला बोलावलंय. हाफ डे टाकला. फोन ठेवताना म्हणतो, "वैशे, जरा गोड बोल हं तिथे."
मी काही कबूल केलेलं नाही.