वाचनखुणेच्या दोन चिठ्ठ्या

१ सप्टेंबर, सोमवार

आज कामावर नुसता गोंधळ! एका निवृत्त मास्तरांची कवळी गेली एका आजीबाईंच्या तोंडात, आणि आजीबाईंची मास्तरांच्या! दोन्ही आमच्याच लॅबमध्ये बनलेल्या. डॉक्टरांना वाटलं, जरा घट्ट झाली असेल. घासून घासून बसवायला गेले आणि दोन्ही वाया घालवल्या. बोलता येईना म्हणून मास्तर म्हणे कागदावर लिहून लिहून भांडत होते. मला हसू फुटणार तेवढ्यात बाईंचा चेहरा दिसला. मुकाट्याने मान खाली घातली.

बाई म्हणजे आमच्या मालकीण. आरडाओरडा नाही, काही नाही. एवढंच विचारलं, "डब्यांवर चिठ्ठ्या कोण लावतं?"

प्रत्येक पेशंटच्या जबड्याचा साचा एका डब्यात आणि डब्यावर नावाची चिठ्ठी. हे काम तात्यांचं, मी इथे लागलो त्याच्याही आधीपासून. तात्या उभे राहिले. चष्मा काढून पुसला. "माझंच काम आहे, बाई. दिसलं नसेल मला नीट."

फार वाईट वाटलं. मेण कसं धरायचं हे ज्यांनी मला शिकवलं त्यांच्यावर ही वेळ! पण वय झालंच की आता. मी प्रार्थनेत त्यांचं नाव घेतलं, मग बायबल-वाचनाच्या कार्डावर आजची खूण केली. जानेवारीपासून एक दिवस चुकलेला नाही. आमच्या चर्चच्या अख्ख्या मंडळीत असा मी एकटाच!

२ सप्टेंबर

ही म्हणते, "खूण करताना स्वतःचा चेहरा बघा एकदा आरशात. वाचताना एवढा खुलत नाही तो."

काहीतरीच हिचं.

४ सप्टेंबर

हात चालत नाहीये लिहायला. पण कुठेतरी लिहायलाच हवं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत नेहमीसारखं टेबलावरच बायबल उघडलं. पाळकांनी आखून दिलंय तसं रोज दोन ठिकाणी वाचायचं, थोडं जुन्या करारातलं, थोडं नव्यातलं. मागचा एक भाग पुन्हा बघावा म्हणून पानं उलटली तर एका पानाला गुलाबी मेणाचा डाग. आमच्या कामाचं मेण! नव्या करारात गेलो, तिथेही तसाच.

मग सगळं आठवलं. लख्ख आठवलं. मागच्या महिन्यात एका दुपारी वाचनखूण सापडत नव्हती. समोर दोन डबे होते. दोन्हींवरच्या मेणाने चिकटवलेल्या चिठ्ठ्या काढल्या आणि एक इकडे घातली, एक तिकडे. वाचून झालं, बाईंनी हाक मारली, घाईघाईत चिठ्ठ्या परत ठेवल्या. कुठली कुठे, बघितलंही नाही. मन भरून आलं होतं ना माझं! अगदी प्रसन्न वाटत होतं!

तात्यांनी चिठ्ठ्या बरोबरच लावल्या होत्या. मीच अदलाबदल केली. देवाचं वचन वाचता वाचता केली.

५ सप्टेंबर

बाईंना सांगायचं ठरवून गेलो होतो. बाई फोनवर होत्या. दुपारी मोकळ्या होत्या, तेव्हा मी मेण वितळवत होतो. संध्याकाळी दोघंही मोकळे होतो. मी चप्पल घालून घरी आलो.

तात्यांसाठी सफरचंदं घेऊन गेलो होतो. "आज काय विशेष?" म्हणाले. म्हटलं, सहज.

मी खोटं कुठे बोललोय? मला कुणी विचारलंच नाही.

(हे वाक्य खोडणार होतो. राहू दे. दिसू दे कसा आहे मी ते.)

७ सप्टेंबर, रविवार

उपासना संपल्यावर पाळकांनी खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या रविवारी पाच मिनिटं बोला. रोजच्या वाचनाने तुमच्यात काय फरक पडला, ते सांगा मंडळीला."

'बरं' म्हणालो! माझ्या तोंडून 'बरं' निघालं!

९ सप्टेंबर

आजच्या भागात वाटी बाहेरून घासून लख्ख करणाऱ्यांबद्दल होतं. आत घाण तशीच. वाचलं आणि पुस्तक मिटलं. तात्यांनी पहिल्या आठवड्यात काय शिकवलं होतं मला? कवळी बाहेरून हवी तेवढी चमकव. हिरडीला टेकते ती आतली बाजू. ती चुकली तर माणूस जेवताना रडतो.

तात्या हल्ली प्रत्येक चिठ्ठी तीनतीनदा वाचतात. आधी डोळ्यांजवळ नेतात, मग लांब धरतात, मग शेजारच्याला विचारतात, "हे बरोबर आहे ना रे?" आज मला विचारलं. मी म्हटलं, "बरोबर आहे, तात्या."

कार्डावर खूण केली नाही. वाचलं होतं, तरी केली नाही.

११ सप्टेंबर

तात्यांनी नोकरी सोडली. बाईंनी काढलं नाही. त्यांनी स्वतःच, शनिवारपर्यंतच येईन, असं लिहून दिलं. बाई म्हणाल्या, "अहो, एका चुकीसाठी?" तर म्हणाले, "एक दिसली, बाई. न दिसलेल्या किती असतील?"

दुपारी माझ्याजवळ येऊन बसले. रुमालात गुंडाळलेली मेण कोरायची सुरी काढली. लाकडी मूठ झिजून अगदी त्यांच्या बोटांसारखी झालीये. कुणाला हात लावू देत नसत तिला! "तू घे. माझे डोळे गेले तसे हातही गेले. घरी कपात चहा ओततानासुद्धा भीती वाटते आता. नातीला उचलून घेत नाही मी. पडली बिडली म्हणजे?"

मी घेतली. काय करू! घेतली ती सुरी. पडल्या आवाजात 'थँक्यू' म्हणालो आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडलो.

घरी हिला सगळं सांगितलं. ही भाजी चिरत होती, थांबली. ओरडेल असं वाटलं होतं. म्हणाली, "देवाला सांगितलंत?"

"रोज सांगतोय."

"मला सांगितलंत. उद्या बाईंना सांगाल. म्हणजे ज्याचं नुकसान झालं तो सोडून सगळ्यांना कळणार!"

१२ सप्टेंबर

सकाळीच बाईंच्या खोलीत गेलो. बसलो नाही. सगळं सांगितलं, मेणाच्या डागासकट. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"मागच्या गुरुवारी."

"आणि आज शुक्रवार. आठवडाभर तो माणूस माझ्यासमोर चिठ्ठ्या तीनतीनदा वाचत होता!"

बाईंनी तिथेच निकाल दिला. उद्यापासून मी प्लास्टरच्या टेबलावर. नव्याने लागलेले करतात ते काम. आणि बायबल आवारात आणायचं नाही. बरोबरच आहे. मला मुळीच राग आला नाही. आला, थोडा आला. खरं लिहायचं ठरवलंय ना!

तात्या आज आले नव्हते, डोळे तपासायला गेले होते. पाळकांना फोन केला, म्हटलं रविवारी मी बोलणार नाही. ते म्हणाले, "का हो?" तेही सांगितलं. ते हळूच म्हणाले, "मग आता खरं तर बोलायला हवं तुम्ही." म्हटलं, आधी एका घरी जाऊन यायचंय. नंतर बघू.

१३ सप्टेंबर, शनिवार

कामावर जायच्या आधीच तात्यांच्या घरी गेलो. शिव्या खायची तयारी होती. दार लावून घेतील, याचीही होती. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. चिठ्ठ्या तुम्ही बरोबर लावल्या होत्या, तात्या, मी बदलल्या.

ते ऐकत होते. मग दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले. उलटे केले, सुलटे केले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"म्हणजे हे ठीक आहेत?"

"ठीक आहेत, तात्या."

त्यांनी आतल्या खोलीकडे वळून नातीला हाक मारली.