बागेचं आरक्षण

चि. निरंजन, आयुष्मान् भव.

आपल्या कोथरूडच्या बंगल्यावरचं बागेचं आरक्षण महापालिकेने उठवलं. आता तो पाडून बारा मजले बांधता येतील. सव्वीस वर्षं आपण सरकारी नकाशावर उद्यानात राहत होतो. प्रत्यक्षात एक जास्वंद तेवढी आली.

दर रविवारी तू मेलबर्नहून फोनवर विचारतोस, "ताई, आरक्षण उठलं का गं?" मी "नाही रे" म्हणते, तू महापालिकेला शिव्या देतोस आणि मग आपण अर्धा तास बोलतो. बंगला विकल्यावर तू कशासाठी फोन करशील?

अर्धा हिस्सा तुझा आहे, हे मी विसरलेले नाही. जन्मभर शाळेत मुलांकडून सत्यावरची सुभाषितं पाठ करून घेतली. काल "नाही रे" म्हणताना एकही आठवलं नाही.

पत्र टपालात टाकायचंच आहे. फक्त पुढचा रविवार होऊन जाऊ दे.

तुझी,
वसुधाताई