पहिल्या सायकलीचं माप

२ मार्च

ती. थोरले काका यांस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही 'बरं' आणि 'ठेवतो' एवढंच बोलता आणि मला सल्ला त्याहून लांब हवा आहे.

नोकरी लागल्याचं आईने कळवलं असेलच. कृत्रिम दात बनवणारी लॅब आहे. सध्या मी मेणाच्या दाढा कोरते. सकाळी सव्वासातला भट्टी लागते आणि त्याआधी साचे आत जावे लागतात, म्हणून इथे सात म्हणजे सात. पहिले तीन महिने, म्हणजे पंधरा मेपर्यंत, मी कच्च्या नेमणुकीवर आहे. तेवढ्यात तीनदा उशीर झाला तर पुढे यायची तसदी घेऊ नये, असं आमच्या मुख्य बाईंनी पहिल्याच दिवशी अगदी शांतपणे सांगितलं. खोली लॅबपासून चौदा किलोमीटरवर आहे आणि पहिली बस मला सात वाजून दहा मिनिटांनी पोचवते. एक उशीर त्यात गेला. सध्या लाँड्रीच्या गाडीतून मळक्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसून जाते, पण ती गाडी महिनाअखेर बंद होणार आहे.

म्हणून सायकल घ्यायची ठरवली आहे. शेजारणीची साधी सायकल एका रविवारी चालवून पाहिली. सव्वा तास लागला आणि मधल्या चढावर उतरून ढकलावी लागली. तेव्हा खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची, रस्त्यावर पळणारी हवी. जवळ एक पगार शिल्लक आहे, त्यात सगळं बसायला हवं. चुकीची घेतली तर दुसरी घ्यायला काही उरणार नाही.

सोबतच्या कागदावर सात प्रश्न आहेत. चौथा आणि सहावा सारखे वाटतील, पण तसे नाहीत. काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो शंकांसकट चालू ठेवावा.

आपली,
शंकू


८ मार्च

चि. शंकू हिस अनेक आशीर्वाद.

तुला हे नाव मी ठेवलं तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि दुकानात बसून, पंक्चरमधून निघालेली हवा आता कुठे राहते, असं विचारत होतीस. प्रगती आहे. आता प्रश्नांना क्रमांक असतात.

उत्तरं. पहिलं, हो. दुसरं, नाही. तिसरं, अजिबात नाही. चौथं, हो. पाचवं, विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं. सहावं चौथ्यासारखंच आहे. सातवं, पडलीस तर उठायचं.

आता मुद्द्याचं. तेवढ्या पैशांत नवी चांगली मिळणार नाही. वापरलेली, पण चांगल्या हातातली बघ. आणि सगळ्यात आधी माप. लोक रंग बघतात, गियर मोजतात, आणि माप विचारायचं राहून जातं. चेन बदलता येते, टायर बदलता येतात, फ्रेम लहान पडली तर ती लहानच राहते. अनवाणी भिंतीला टेकून उभी राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मधे घट्ट वर दाब आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोज. आकडा मला कळव, पुढचा हिशेब माझ्याकडे. माझ्या दुकानातून चुकीच्या मापाची सायकल आजवर गेलेली नाही. काकू म्हणते, दुकान बंद करून सहा वर्षं झाली, तेव्हा हल्ली तरी गेलेली नाही हे खरं आहे.

घाई करू नकोस, पण महिनाअखेर लक्षात ठेव.

तुझा,
काका


१२ मार्च

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

माप घेतलं. पुस्तक घरमालकीणबाईंचा वैद्यकीय कोश होता, त्यांनी तो कशासाठी हवा हे विचारून मग दिला. टेप आईची जुनी, शिवणयंत्राच्या खणातली, तिने येताना माझ्या सामानात टाकलेली. तीच ती, पुढचे दोन इंच झिजून गळालेली. आपल्या घरात पाढ्यांच्या आधी त्या टेपमधून दोन वजा करायला शिकवलं, त्यामुळे परकी टेप हातात आली की मला अजून बिचकायला होतं. नऊ वेळा मोजलं. माप बत्तीस इंच.

सायकली दोन ठिकाणी पाहिल्या. मोठ्या दुकानात एक नवी आहे, पिवळी, एकवीस गियरची. तिच्याबरोबर पाण्याची बाटली फुकट आहे. मी माप विचारलं तर विक्रेता म्हणाला, ताई, ही सगळ्यांना होते. वाचनालयाच्या फळ्यावर दुसरी जाहिरात होती. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे एकसारख्या दोन आहेत, फ्रेमचं माप एकीचं एक्कावन्न सेंटिमीटर आणि एकीचं चोपन्न, नवराबायकोंनी जोडीने घेतलेल्या. कोणतीही एक विकायची आहे, किंमत दोन्हींची सारखी आणि मला परवडणारी. कोणती ते तुम्ही सांगाल तोवर मी दोन्हींकडे बघणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
शंकू


१७ मार्च

चि. शंकू हिस अनेक आशीर्वाद.

पिवळीचा विचार सोड. एकवीस गियर म्हणजे एकवीस ठिकाणी बिघडायची सोय. जी सगळ्यांना होते ती कुणालाच होत नाही.

तुझं माप आईच्या टेपचं आहे हे ध्यानात धरूनच हिशेब केला आहे. एक्कावन्नची घे. सीटची उंची, पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सदुसष्ट सेंटिमीटर. ही उंची हलवू नकोस. नवशिके रोज सीट वरखाली करतात आणि मग सायकलीला नावं ठेवतात.

घेताना चाक उचलून फिरव, आउट म्हणजे वाकडं असेल तर ब्रेकला घासताना दिसेल. हँडलच्या खाली, जिथे दोन नळ्या जोडतात, तिथे रंगाला बारीक चीर आहे का बघ. चीर असेल तर नमस्कार करून घरी ये.

काकूने तुला हेल्मेट घ्यायला सांगितलं आहे. तिचं म्हणणं, आपल्या घराण्यात डोकं एकालाच मिळालंय, ते जपावं.

तुझा,
काका


२४ मार्च

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

एक्कावन्नची घेतली. उरलेल्या पैशांत हेल्मेट आणि कुलूप आलं.

गृहस्थ सज्जन आहेत. मी टॉर्च घेऊन पंचवीस मिनिटं चीर शोधत होते, तेव्हा त्यांनी मला दोनदा पाणी विचारलं. चीर नाही, चाकं सरळ फिरतात. त्यांची पत्नी बहिणीकडे गेली होती, नाहीतर तिनेही विचारलं असतं. ते म्हणाले, दोन्हींवर बसून तरी बघा. मी नको म्हटलं, पण त्यांनी मोठी आधीच धरून ठेवली होती. बसले. खरं सांगायचं तर हातपाय आपापल्या जागी गेले, घरच्या खुर्चीत बसल्यासारखे. मी लगेच उतरले आणि तुमची चिठ्ठी दाखवली. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं आणि म्हणाले, ज्यांनी लिहिलंय त्यांना कळत असेल. मी म्हटलं, चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

सीट सदुसष्टवर आहे. सोमवारपासून सायकलीनेच जाणार. आशीर्वाद असावेत, शक्यतो सकाळी सहाच्या सुमारास.

आपली,
शंकू


१९ एप्रिल

चि. शंकू हिस अनेक आशीर्वाद.

गेल्या तीन आठवड्यांत तुझी दोन कार्डं आली. पहिल्यावर लिहिलंस, सायकल उत्तम आहे. दुसऱ्यावर लिहिलंस, सायकल खरोखरच उत्तम आहे. जी मुलगी चौथा आणि सहावा प्रश्न वेगळे मानते ती एवढ्यावर थांबत नाही. किती मिनिटं लागतात ते नाही, चढावर काय होतं ते नाही, शंका एकही नाही. काकू म्हणते, पोरीला बरं नसेल. मला वाटतं, तू काहीतरी माझ्यापासून वाचवते आहेस.

नीट लिही. आकडे दे.

तुझा,
काका


२५ एप्रिल

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

आकडे देते. पहिल्या आठवड्यात त्रेपन्न मिनिटं लागत होती, आता पासष्ट लागतात. पहिल्या आठवड्यानंतर दोन्ही गुडघे पुढच्या बाजूने दुखू लागले. चढावर पाय दुमडलेलेच राहतात आणि पोटाला लागतात की काय असं वाटतं. जिन्याच्या सव्वीस पायऱ्या उतरताना कठडा धरते. नऊ तारखेला चढावर थांबून पाच मिनिटं बसावं लागलं आणि सात वाजून दोन मिनिटांनी पोचले. तो दुसरा उशीर. मुख्य बाईंनी वहीत टिंब केलं आणि म्हणाल्या, आता एकच टिंब शिल्लक आहे. हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. पंधरा मेला अजून वीस दिवस आहेत आणि गुडघे तेवढे पुरतील असं दिसत नाही.

हे आधी लिहिलं नाही, कारण चूक माझीच असणार. तुमचं माप चुकत नाही, म्हणजे माझी बसण्याची पद्धत चुकत असेल. मी तीन पद्धतींनी बसून पाहिलं. मग वाटलं, मुळात मीच मोजायला चुकले असेन. लॅबमध्ये पोलादी टेप आहे, दरवर्षी तपासून घेतात. परवा सुट्टीत भिंतीला टेकून तिने मोजलं. बत्तीसच इंच. म्हणजे माझं माप बरोबर होतं, तरी मी बरोबर बसत नाही.

सीट हलवलेली नाही. तुम्ही सांगाल तसं करेन. रागवायचं असेल तर जरूर रागवावं, पण उत्तर लवकर द्यावं.

आपली,
शंकू


२९ एप्रिल

चि. शंकू,

हे पत्र जलद टपालाने पाठवतो आहे. पुढचं वाचायच्या आधी सीट साडेएकाहत्तरवर घे, मग वाच.

पोलादी टेपने बत्तीस, आणि आईच्या टेपनेही तू बत्तीसच कळवलं होतंस. म्हणजे दोन इंच तू वजा करूनच पाठवले होतेस. करणारच, तू त्याच घरातली. मीही त्याच घरातला. तुझं पत्र आलं, त्यात त्या टेपचं नाव वाचलं आणि हाताने आपोआप पुन्हा दोन वजा केले. बत्तीसचे तीस झाले, चोपन्नची एक्कावन्न झाली. काकूला सांगितलं. ती म्हणाली, माप एकाने घ्यावं, सगळ्या खानदानाने मिळून घेऊ नये.

पण खरी चूक ती नाही. चाळीस वर्षांत मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आकडा काढून मग सायकलीवर बसवून बघत होतो. माणूस कसा बसतो ते दिसलं की आकडा खोडायला मला कधी लाज वाटली नाही. तू लिहिलं होतंस की मोठीवर हातपाय आपापल्या जागी गेले. ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा, पोरीला काय कळतंय, असं म्हणून पुढे गेलो. कळत होतं. मला नव्हतं.

सीट वर घेतलीस तरी हँडल जवळच राहणार, पाठ दुखेल, पण पंधरा मेपर्यंतचे दिवस निघतील. त्या गृहस्थांकडे जा. मोठी असली तर बदलून देतात का विचार. वरचे काही पैसे मागितले तर मी पाठवतो, त्यावर वाद नको. आणि तिथून मला फोन करून माप विचारू नकोस. बस, एक फेरी मार, आणि तुला काय वाटतं ते धर.

मी चुकलो. हे वाक्य लिहायची सवय नाही, अक्षर वाईट आलं असेल.

तुझा,
काका


१८ मे

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

अक्षर नेहमीचंच होतं.

पत्र आलं त्या संध्याकाळी सीट वर घेतली आणि दुसऱ्या दिवशी एक्कावन्न मिनिटांत पोचले. रविवारी त्या गृहस्थांकडे गेले. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. त्यांनी आधी सायकल पाहिली, मग मला, आणि सायकलीला म्हणाल्या, आलीस का. ती त्यांचीच होती. त्या बहिणीकडून परत आल्या तेव्हा ती विकली गेली होती, आणि तेव्हापासून दोघांमध्ये फक्त चिठ्ठ्यांवर बोलणं होतं. एक चिठ्ठी फ्रिजवर अजून होती. तिच्यावर 'दूध' एवढंच होतं, पण अक्षर फार रागावलेलं. मी बदलीचं विचारायच्या आतच गृहस्थ मोठी सायकल घेऊन आले. पैशांचा विषय निघालाच नाही. मी म्हटलं, थांबा, आधी बसून बघते. बसले, गल्लीत दोन फेऱ्या मारल्या आणि घेते म्हणून सांगितलं. निघताना ते हळूच म्हणाले की त्या दिवशीच त्यांना दिसत होतं, पण माझ्याकडे कागद होता.

त्यानंतर एकही टिंब पडलं नाही. पंधरा तारखेला मुख्य बाईंनी कायम केल्याचं पत्र दिलं. कामापुढे लिहिलं आहे, दाढा चांगल्या. वेळेपुढे लिहिलं आहे, हल्ली जरा जास्तच लवकर. मी रोज पावणेसातला पोचते आणि किल्ली त्यांच्याकडे असते, त्यामुळे त्यांनाही लवकर यावं लागतं. तो चढ आता बसूनच चढते. गुडघ्यांबद्दल लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही.

तुम्ही न विचारताच पाठवलेले पैसे परत पाठवले आहेत. त्यावर वाद नको.

काल सीट चार मिलिमीटर खाली घेतली. साडेएकाहत्तरवर टाच जरा ताणली जात होती. तुम्हाला विचारलेलं नाही, कळवते आहे. काकूंना नमस्कार. आजवर होता तेवढाच जीव पुढेही लावावा.

आपली,
शंकू