चेस्टनटखालचं धूड

रविवार, ६ ऑक्टोबर

अर्धा तास भाषण! रानडुकरांच्या हाक्याच्या पहिल्याच दिवशी डुकरांआधी आमचे हाल. मिरेय एरवी शाळेची बस चालवते, यंदापासून आमची शिकाऱ्यांची टोळीही तीच चालवणार. वहीत सही करा. नारिंगी बंडी घाला. भोंगा वाजेपर्यंत गोळी भरू नका. जागेवर पोचलात की शेजारच्या शिकाऱ्याच्या दिशेने पाच पावलं, तिथून पुढे तीन, आणि तिथे खुंटी ठोका. दोन्ही बाजूंना. खुंटीपलीकडे बार काढायचा नाही, शेजाऱ्याला लागेल, मग डुक्कर तिथे येऊन नाचो.

"फेर्नांकाका, तुम्हीसुद्धा."

मी! चाळीस वर्षांत माझा बार वाया गेलेला नाही. खुंट्या ठोकल्या, पण रागारागाने ठोकल्या.

सही माझ्याऐवजी दोस्त ल्युसियँच्या ओळीत गेली. हल्ली वह्या फार फिक्या छापतात.

रविवार, १३ ऑक्टोबर

ल्युसियँने दोन पिल्लं टिपली. मादीला जाऊ दिलं, ते बरोबरच केलं. ती गेली की उरलेला कळप मोकाट सुटतो आणि बांध पाडत हिंडतो. सगळा कळप म्हणे माझ्या पुढ्यातून गेला. मला नुसती खसखस ऐकू आली. धुकं होतं, असं सांगितलं.

"कुठलं धुकं?" ल्युसियँ म्हणाला.

चाळीस वर्षांचा मित्र, पण खवचट.

सोमवार, १४ ऑक्टोबर

बायकोचं, आर्लेतचं, सकाळपासून एकच पालुपद — डोळे दाखवून ये. कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं म्हणून.

डॉक्टर काय सांगणार ते मला ठाऊक आहे. मोतीबिंदू. मी घरी पोचायच्या आत गावाला कळेल आणि मिरेय बंदूक ठेवून घेईल. मग रविवारी मी करायचं काय? आर्लेतबरोबर बाजारात पिशवी धरून उभा राहू? भीती वाटते, खरंच वाटते. इथेच लिहितो, दुसरीकडे बोलणार नाही. हंगाम संपला की बघू.

रविवार, २० ऑक्टोबर

पाऊस. हाका रद्द. बंदूक दोनदा पुसली.

रविवार, २७ ऑक्टोबर

पाहिलं! काय ते धूड!

ठरलं होतं वरचं रान, पण तिथे लाकूडतोडे निघाले, म्हणून मिरेयने ऐनवेळी हाका आमच्या घरामागच्या चेस्टनटच्या रानात आणला. रस्त्याला पाट्या लावल्या. मी खुंट्या ठोकल्या, भोंगा झाला, गोळी भरली. आणि डावीकडे साठ पावलांवर काळीभोर पाठ! डोकं खाली, आरामात चेस्टनट खाणं चाललंय. मागचा भाग असा भरलेला की बघत राहावं. एकशेवीस किलोला एक किलो कमी नाही. बंदूक आपोआप खांद्याला लागली. बोट चापावर.

पण हातभर खुंटीपलीकडे.

एक पाऊल इकडे ये राजा, म्हणून किती विनवलं. नाही आलं. सावकाश झाडीत निघून गेलं. त्या खुंटीला मी येतील तेवढ्या शिव्या दिल्या.

दुपारी जेवताना सगळं सांगितलं. मिरेय उभी राहिली. "याला म्हणतात शिकारी. शिका जरा काकांकडून." टाळ्या पडल्या. आता कबूल करतो, छान वाटलं.

"माझ्या कुत्र्यांना वास कसा नाही आला?" ल्युसियँ.

"सर्दी झाली असेल."

मंगळवार, २९ ऑक्टोबर

पावाच्या दुकानात धूड एकशेसाठ किलोचं झालंय. मी कुणाला अडवलं नाही.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

येत्या रविवारचा हाका खास त्या धुडासाठी! मिरेय म्हणाली, "जागा तुम्ही निवडा काका, पहिला बार तुमचा." आनंदाने दुपारीच माग काढायला गेलो. गुडघे टेकून, नाक मातीला लावून बघितलं. खुरांचा एकही ठसा नाही. जमीन उकरलेली नाही. चेस्टनटची काटेरी बोंडं टाचेने फोडून एका बाजूला नीट सारून ठेवलेली. आणि रबरी बुटांचे ठसे.

म्हणजे आमचे चेस्टनट कुणीतरी चोरतंय. आर्लेतला सांगायला हवं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

चोर नाही. आर्लेतच होती, रविवारी, काळा कोट घालून, मागच्या पायवाटेने चेस्टनट वेचायला गेलेली. "तू वरच्या रानात असशील असं वाटलं," म्हणाली. "मग खाली दिसलास. हाक मारणार होते, पण म्हटलं तुझी शिकार पळेल."

बंदूक मिरेयकडे देऊन आलो. का, तेही सांगितलं. आर्लेतला अजून सांगायचंय.